थायलंडच्या सार्वजनिक सुट्ट्या आणि बौद्ध सण : पौर्णिमा टाळू नका, गाठा

चाओफ्रायाकाठी

बँकॉकमध्ये नोकरीनिमित्त राहत असल्यामुळे महाराष्ट्रातून सहलीला येणाऱ्या परिचितांचा एक प्रश्न मला वर्षभर ऐकू येतो : "आम्ही येणार त्या दिवसांत काही बंद तर नसते ना?" प्रश्न रास्त आहे. मात्र सुट्ट्यांची नुसती यादी पाहून त्याचे उत्तर देता येत नाही, कारण इथल्या सुट्ट्या वेगवेगळ्या मुळांतून आल्या आहेत आणि प्रत्येक प्रकारच्या सुट्टीला देश वेगळा वागतो. बहुतेक प्रवासी कंपन्या बौद्ध पौर्णिमांना "मद्य मिळणार नाही असे दिवस" एवढीच ओळख देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या पौर्णिमा टाळून सहल आखू नये, जमल्यास एखादी मुद्दाम गाठावी, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

राजघराण्याशी निगडित सुट्ट्या इंग्रजी तारखेने ठरलेल्या असतात. 6 एप्रिलचा चक्री दिन 1782 मध्ये सुरू झालेल्या राजवंशाचा आहे, 4 मे हा सध्याच्या राजांच्या 2019 मधील राज्याभिषेकाचा, 3 जून राणी सुथिदा यांच्या वाढदिवसाचा आणि 28 जुलै खुद्द राजांच्या वाढदिवसाचा. 12 ऑगस्ट हा राजमाता सिरिकित यांचा जन्मदिवस असून तोच मातृदिन म्हणून पाळला जातो. 13 ऑक्टोबर हा नववे राम, म्हणजे राजे भूमिबोल यांचा स्मृतिदिन, 23 ऑक्टोबर हा राजे चुलालोंगकोर्न यांचा, तर 5 डिसेंबर हा भूमिबोल यांचा जन्मदिवस व पितृदिन. नववर्ष, 1 मेचा कामगार दिन आणि 10 डिसेंबरचा संविधान दिन या नागरी सुट्ट्यांविषयी वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. अशा दिवशी सरकारी कचेऱ्या, इमिग्रेशनची कार्यालये आणि बँकांच्या रस्त्यावरील शाखा बंद असतात. मॉल, आकाशरेल्वे, सेव्हन-इलेव्हन आणि बहुतेक खाणावळी चालू असतात. सुट्टी शनिवारी किंवा रविवारी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी भरपाईची सुट्टी मिळते, त्यामुळे व्हिसाचे काम असणाऱ्यांनी सोमवारही तपासून घ्यावा. राजवाड्यात समारंभ असला की ग्रँड पॅलेस प्रवाशांसाठी बंद राहू शकतो, हेही आधी पाहून ठेवावे.

आता मुख्य विषय. बौद्ध सुट्ट्या चांद्र तिथीने येतात आणि त्या चार आहेत. माखा बुचा हा बुद्धांपुढे राजगृहाच्या वेळुवनात 1,250 अर्हत भिक्खू कोणीही न बोलावता एकत्र आले त्या माघ पौर्णिमेचा दिवस. तो सण म्हणून साजरा करण्याची प्रथा 19व्या शतकात राजे मोंगकुट यांनी सुरू केली. विसाखा बुचा म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा. आसान्हा बुचा ही आषाढ पौर्णिमा, सारनाथच्या मृगदायवनातील पहिल्या प्रवचनाची. तिच्या दुसऱ्या दिवशी खाओ फन्सा, म्हणजे भिक्खू पावसाळ्यात एकाच विहारात राहतात त्या वर्षावासाचा आरंभ. वर्षावास संपतो त्या ओक फन्साला सुट्टी नसते. पाण्यात दिवे सोडण्याच्या लोइ क्राथोंग सणालाही सुट्टी नसते, आणि हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

या पौर्णिमांच्या संध्याकाळी कोणत्याही वाटात, म्हणजे विहारात, जावे. फाटकाजवळ कमळाची मिटलेली कळी, तीन उदबत्त्या आणि एक पिवळी मेणबत्ती असा संच मिळतो. आधी भिक्खूंचे पठण होते, मग लोक मेणबत्त्या पेटवून बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यासाठी मुख्य मंदिराला उजवी घालून तीन प्रदक्षिणा करतात. याला विएन थिएन म्हणतात. मेण हातावर ओघळते म्हणून लोक कळीचा देठ आणि मेणबत्ती एकत्र धरून पाकळ्यांच्या आडोशाने ज्योत सांभाळतात, शेजाऱ्याची विझली तर न बोलता आपल्या ज्योतीवरून पेटवून देतात. कचेरीतून परस्पर आलेले लोक, शाळेच्या गणवेशातील मुले, चाकांच्या खुर्चीतील आजी, सारे त्याच संथ गतीने चालत असतात. बाहेरच्या माणसाला कोणी अडवत नाही. वाट साकेतची सुवर्णटेकडी, संगमरवरी वाट बेंचामाबोफित किंवा शहराच्या पश्चिमेला, सुमारे 16 मीटर उंचीच्या चालत्या बुद्धमूर्तीचे फुत्थामोन्थोन, यांपैकी काहीही निवडा. मोठ्या ठिकाणी गर्दी असते. मला स्वतःला गल्लीतला लहान वाट अधिक आवडतो.

मद्यविक्रीविषयी थोडक्यात : चार सुट्ट्या आणि ओक फन्सा अशा पाच दिवशी दुकानांतून ती बंद असते. 2025 पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ, हॉटेले आणि परवाना असलेली मनोरंजनस्थळे यांना सवलत मिळाली आहे.

विदर्भवासी

धाग्याबद्दल मनःपूर्वक आभार. आम्ही नागपूरचे काही उपासक-उपासिका मिळून थायलंडला जाण्याचा विचार करतो आहोत. 2024 मध्ये भारतातून बुद्धांचे आणि त्यांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त व महामोग्गलान यांचे पवित्र अस्थिधातू बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर दर्शनासाठी नेले, त्याचा आरंभ माखा बुचाच्याच दिवशी झाला होता. तेव्हापासून तो दिवस तिथे अनुभवावा असे आमच्या मनात आहे. एप्रिलमध्ये आम्हाला निघता येत नाही, कारण 14 तारखेला बाबासाहेबांची जयंती असते.

अडचण तारखांची आहे. 2026 मध्ये आपल्याकडे बुद्ध पौर्णिमा 1 मे रोजी, पण थायलंडच्या यादीत विसाखा बुचा 31 मे रोजी दिसते. दोन्ही देशांत पौर्णिमा तर एकच असायला हवी. यादीत चूक आहे का?

चाओफ्रायाकाठी

यादी बरोबर आहे. 1 मे आणि 31 मे या दोन्ही पौर्णिमाच आहेत, फक्त लागोपाठच्या दोन महिन्यांच्या.

आपल्याप्रमाणे थाई पंचांगातही अधिक महिना धरतात, पण तो ठेवण्याची रीत निराळी आहे. आपल्याकडे सूर्याच्या संक्रांतीनुसार कोणताही महिना अधिक होऊ शकतो. थायलंडमध्ये वाढीव महिना नेहमी आठव्या महिन्यालाच जोडतात, म्हणजे त्या वर्षी आठवा महिना दोनदा येतो. आणि अशा वर्षी माखा बुचा तिसऱ्याऐवजी चौथ्या महिन्यात, तर विसाखा बुचा सहाव्याऐवजी सातव्या महिन्यात धरतात. त्यामुळे 2026 ची माखा बुचा 3 मार्चला, म्हणजे आपल्या फाल्गुन पौर्णिमेला आली. 2023 मध्येही तसेच झाले होते : भारतात बुद्ध पौर्णिमा 5 मे रोजी आणि थायलंडमध्ये विसाखा बुचा 3 जून रोजी.

गंमत पुढे आहे. 2026 मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे आषाढ पौर्णिमा दोन्हीकडे 29 जुलैलाच पडते. 2023 मध्ये मात्र आपला अधिक श्रावण नंतर आला, म्हणून आपली आषाढ पौर्णिमा 3 जुलैला होऊन गेली आणि थायलंडची आसान्हा बुचा 1 ऑगस्टला झाली. कार्तिक पौर्णिमेपर्यंत दोन्ही पंचांगे पुन्हा जुळतात. अधिक महिना नसलेल्या वर्षीही एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. 2025 मध्ये विसाखा बुचा 11 मेला होती आणि आपली बुद्ध पौर्णिमा 12 मेला. तेव्हा घरच्या कॅलेंडरवर विसंबून तिकीट काढू नये, थायलंड सरकारने जाहीर केलेली यादीच प्रमाण मानावी. यादीवर 2569 असे वर्ष दिसले तर गोंधळू नका. थाई बुद्ध संवतातून 543 वजा केले की इसवी सन मिळते.

मोगरा

आमच्या घरी माझे आई-बाबा सत्तरीपुढचे आहेत आणि मुलांना शाळेची सुट्टी एप्रिलच्या मध्यापासूनच मिळते. मुलांनी सोंग्क्रानची, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवण्याच्या थाई नववर्षाच्या सणाची, चित्रे पाहिल्यामुळे त्यांचा हट्ट तिथेच जाण्याचा आहे. ज्येष्ठांना घेऊन 13 ते 15 एप्रिल या काळात जाणे योग्य ठरेल का?

सह्यभटक्या

मी सोंग्क्रानच्या काळात उत्तरेतल्या चिआंग माई शहरात राहिलो आहे, म्हणून स्पष्ट सांगतो : ज्येष्ठांना नेऊ नये. एप्रिल हा तिथला सर्वांत तापलेला महिना असतो, उत्तरेत शेते आणि रानं जाळल्याचा धूर अनेकदा तोवर रेंगाळत असतो, आणि थापे दरवाजापासून खंदकाभोवतीच्या सर्व रस्त्यांवर दिवसभर बादल्या व पिचकाऱ्यांचा मारा चालतो. समोरची व्यक्ती वयस्कर आहे हे गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय अर्धा देश गावी निघालेला असतो. आगगाड्या आणि बस आधीच भरतात, लहान खाणावळींचे मालक दुकान बंद करून गेलेले असतात, आणि या आठवड्यातील रस्ते अपघात इतके गंभीर असतात की सरकार दरवर्षी "सात धोक्याचे दिवस" म्हणून मोहीम चालवते. भाड्याची दुचाकी तर या दिवसांत कोणीही घेऊ नये.

चाओफ्रायाकाठी

सह्यभटक्या यांनी सांगितलेले धोके खरे आहेत आणि दुचाकीविषयीच्या त्यांच्या सल्ल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तरीही ज्येष्ठांना सोंग्क्रानपासून दूर ठेवावे हे मला पटत नाही, कारण हा सण मुळात ज्येष्ठांचाच आहे. 13 एप्रिल हा थायलंडमध्ये ज्येष्ठ नागरिक दिन आणि 14 एप्रिल कुटुंब दिन म्हणून पाळला जातो. सूर्य मेष राशीत जातो ते हे पारंपरिक नववर्ष. 1 जानेवारीला सरकारी नववर्ष 1941 पासून सुरू झाले. युनेस्कोने 2023 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत सोंग्क्रानची नोंद केली, तीही पाण्याच्या लढाईपुरती नाही.

सकाळी घरोघरची मंडळी वाटात जाऊन बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालतात, आवारात वाळूचे छोटे स्तूप रचून त्यांवर कागदी पताका खोचतात. वर्षभर वाटातून जाताना पायाला लागून गेलेली माती परत द्यावी, अशी त्यामागची भावना. नंतर घरातील वडीलधारी ओळीने बसतात, धाकटी माणसे गुडघे टेकून त्यांच्या जुळवलेल्या तळव्यांवर मोगऱ्याच्या पाकळ्या घातलेले पाणी अगदी थोडे थोडे ओततात आणि वडीलधारी आशीर्वाद पुटपुटतात. अनेक हॉटेलांच्या दालनात आणि निवासी संकुलांतही हा विधी मांडलेला असतो, पाहुण्यांनाही बोलावतात. आपले आई-बाबा तिथे बसले तर अनोळखी थाई मुले त्यांच्या हातावर पाणी घालतील. चिआंग माईतच राहणार असाल तर 13 तारखेला वाट फ्रा सिंगमधील मूर्तीची नगरप्रदक्षिणा निघते, तीही एखाद्या दुकानाच्या छपराखालून पाहता येईल.

म्हणून माझे सुचवणे असे : बँकॉकमध्ये नदीकाठच्या भागात उतरावे, कारण या दिवसांत शहर बरेच रिकामे होते. सकाळी लवकर वाटात जाऊन यावे, अकरानंतर आई-बाबांनी खोलीत विश्रांती घ्यावी आणि मुलांना घेऊन घरातील एका मोठ्याने दुपारी पाण्याच्या खेळासाठी शहरातल्या सिलोम भागात जावे. पैसे व फोन गळ्यातल्या जलरोधक पिशवीत ठेवावेत. भिक्खूंवर, तान्ह्या मुलांवर आणि चालत्या दुचाकीवर पाणी उडवू नये, हे मुलांना आधीच बजावावे. सूर्यास्तानंतर कोरडे कपडे घातलेल्यांना भिजवणेही अयोग्य समजतात.

सह्यभटक्या

सकाळच्या विधींविषयीचे म्हणणे मान्य आहे. माझा आक्षेप प्रवासाला होता, सणाला नाही. एकाच शहरात राहायचे आणि 11 ते 17 एप्रिल या काळात शहर बदलायचे नाही, ही अट पाळली तर ज्येष्ठांनाही जमेल.

शेतशिवार

माझी शेती परभणीकडे आहे. मे महिन्यात राजाच्या वतीने नांगरणी करण्याचा एक सोहळा असतो आणि बैलांपुढे धान्य ठेवतात, असे वाचनात आले. तो बौद्ध सण आहे की आणखी काही, आणि तो प्रवाशाला पाहता येतो का?

चाओफ्रायाकाठी

हा सोहळा राजदरबारातील ब्राह्मण पुरोहितांच्या हातून होतो, त्याला बौद्ध पठणाची जोड दिलेली आहे. तारीख दरवर्षी मुहूर्त काढून ठरते आणि मे महिन्यात येते. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असते, बँका मात्र चालू असतात.

सनाम लुआंग मैदानावर शेतीखात्याचा वरिष्ठ अधिकारी नांगरणीचा मानकरी होतो. आधी त्याच्यापुढे घडी केलेली तीन वस्त्रे ठेवतात, ज्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब वस्त्र हाती आले तर पाऊस कमी आणि आखूड आले तर भरपूर, असा अंदाज बांधतात. मग सजवलेल्या बैलजोडीने तास काढून भात पेरतात. शेवटी बैलांपुढे भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी आणि मद्य असे सात पदार्थ मांडतात आणि ते ज्याला तोंड लावतील त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणाऱ्या माणसाला इथले बैल पाहून खूप बरे वाटेल, इतकी त्यांची निगा राखलेली असते. समारंभ संपून राजघराण्यातील मंडळी निघाली की शेतकरी अडसर ओलांडून धावतात आणि मातीतून भाताचे दाणे वेचतात. ते घरच्या बियाण्यात मिसळले की पीक चांगले येते, अशी श्रद्धा आहे. प्रवाशांना मैदानाच्या कडेने पाहता येते, मात्र सकाळी लवकर पोहोचावे लागते, तपासणी कडक असते आणि कपडे अंगभर असावेत.

निरामिष

आम्ही कांदा-लसूणही खात नाही. सणांच्या काळात शाकाहारी जेवणाची सोय बरी होते, असे कोणीतरी सांगितले. त्यात तथ्य आहे का?

चाओफ्रायाकाठी

चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, जे साधारण आपल्या शारदीय नवरात्राच्या आसपास येतात, ते तुमच्यासाठी वर्षातील सर्वोत्तम. चिनी वंशाचे थाई लोक या काळात "चे" आहार घेतात. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसते, शिवाय कांदा, लसूण यांसारख्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. एरवी बहुतेक पदार्थांत मुरलेला मत्स्यसॉसही त्यात नसतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली गाडी दिसली की निर्धास्त खावे. बँकॉकच्या याओवारात भागात अशा गाड्यांच्या रांगा लागतात. फुकेतला हाच उत्सव फार मोठा असतो, पण तिथल्या मिरवणुकीत भक्त गालांतून सळ्या टोचून घेतात. लहान मुले बरोबर असतील तर विचार करून जावे. याच सुमारास सिलोमच्या श्री महामारिअम्मन मंदिरात नवरात्र चालू असते आणि विजयादशमीच्या रात्री देवीची मिरवणूक निघते, तेव्हा रस्त्यावर झेंडूच्या पायघड्या आणि दुतर्फा थाई भाविकांचे पाट मांडलेले असतात. सुट्टी नसते, पण तो रस्ता त्या रात्री वाहनांसाठी बंद असतो.

मोगरा

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. सोंग्क्रान जमले नाही तर दिवाळीच्या सुट्टीनंतर जाता येईल. आकाशात कंदील सोडतात तो उत्सव आणि लोइ क्राथोंग हे एकच का?

सह्यभटक्या

एकाच पौर्णिमेला येतात, पण उत्सव दोन आहेत. लोइ क्राथोंग सर्व देशभर असतो : केळीच्या खोडाची चकती, तिच्याभोवती दुमडलेली केळीची पाने, फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती. हे पाण्यात सोडतात आणि गंगामातेची क्षमा मागतात. त्रिपुरारी पौर्णिमेला आपण नदीत दिवे सोडतो, तीच ही रात्र. यी पेंग हा उत्तरेकडील लान्ना प्रदेशाचा उत्सव असून कंदील त्यातले आहेत.

एक गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी नीट समजून घ्यावी. छायाचित्रांत हजारो कंदील एकदम उडताना दिसतात तो प्रसंग बहुधा शहराबाहेर खासगी आयोजकांनी तिकीट लावून केलेला असतो, आणि ते तिकीट महाग असते. शहरात कंदील सोडण्यावर जागेचे व वेळेचे निर्बंध आहेत, विमानांची वेळापत्रकेही त्या रात्री बदलतात; म्हणून परतीचे उड्डाण त्या संध्याकाळी ठेवू नये. चिआंग माईच्या जुन्या शहरातील वाट फान ताओ आणि पिंग नदीचा काठ यांना तिकीट लागत नाही आणि मला तेच अधिक भावले. क्राथोंग घेताना थर्माकोलचा मुळीच घेऊ नये. कुटुंबाने मिळून एक सोडला तरी पुरतो, कारण दुसऱ्या दिवशी हे सारे पालिकेचे कामगार नदीतून उपसून काढतात.

विदर्भवासी

आमचा बेत आता माखा बुचाऐवजी वर्षावासाकडे झुकतो आहे. आपल्याकडेही आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावास आणि नंतर कठिन चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्रे देण्याचा विधी, होते. तिथे आरंभाला जावे की समाप्तीला? आणि भिक्खूंना दान देण्याच्या रीतीत काही वेगळेपण असल्यास कृपया सांगावे.

चाओफ्रायाकाठी

निवड करायचीच तर मी समाप्ती सुचवीन, जरी तेव्हा सुट्टी नसते. आरंभाला उबोन राचाथानीमध्ये कोरीव मेणाच्या प्रचंड मेणबत्त्यांची मिरवणूक निघते, तर साराबुरीच्या वाट फ्रा फुत्थाबातमध्ये भिक्खूंच्या पात्रांत भाताऐवजी रानफुले घालतात. दोन्ही पाहण्यासारखे आहे, पण जुलैच्या पावसात वयस्कर मंडळींचे हाल होतात. समाप्तीला, ओक फन्साच्या सुमारास, उथाई थानीमध्ये भिक्खूंची रांग टेकडीवरच्या 449 पायऱ्या उतरून खाली भिक्षेला येते. बुद्ध तावतिंस स्वर्गातून संकिसा येथे उतरले, त्या प्रसंगाचे ते स्मरण. त्या वेळी नोंग खाईला मेकाँगच्या पाण्यातून वर येणारे लाल गोळे पाहायला लोक रात्रभर काठावर बसतात. पुढचा महिनाभर गावोगावी कठिन चीवरदान चालते आणि कोणत्याही वाटात तुमचे स्वागत होईल. राजघराण्याचे चीवरदान कधी कधी नौकांतून होते. 27 ऑक्टोबर 2024 रोजी 52 राजनौका वाट अरुणला गेल्या होत्या.

दानाविषयी. सकाळी सहाच्या सुमारास बाजाराजवळ उभे राहावे. भात, भाजी, फळ, पाण्याची बाटली असा संच तिथेच मिळतो. चपला काढाव्यात, भिक्खू थांबले की वस्तू पात्रात ठेवाव्यात आणि हात जोडून खाली बसावे. ते आशीर्वादाचे पठण करून पुढे जातात. उपासिकांनी भिक्खूंना हात लागू देऊ नये. वाटात एखादी वस्तू देताना भिक्खू समोर कापड पसरतात, त्यावर ती ठेवावी. दुपारनंतर भिक्खू जेवत नाहीत, म्हणून शिजवलेले अन्न सकाळीच द्यावे आणि नंतर गेलात तर पिवळ्या बादलीत मांडलेले साबण, औषधे, चीवर असे संघदान द्यावे. पठण चालू असताना लहान तांब्यातून वाटीत पाण्याची धार धरून दिवंगत आप्तांना पुण्य अर्पण करतात. ते पाणी नंतर बाहेरच्या झाडाच्या मुळाशी ओतायचे असते. आपल्या घरातील कोणाचे नाव मनात घ्यायचे ते आधी ठरवून ठेवा, कारण पठण लवकर संपते.

फोटो काढायला हरकत नसते, मात्र रांगेसमोर जाऊन फ्लॅश मारू नये. पांढरे कपडे बरोबर ठेवावेत, तिथले उपासकही या दिवशी तेच घालतात. तुमच्या गटाच्या तारखा ठरल्या की इथेच कळवा. उथाई थानीला बँकॉकहून पहाटे निघून चालत नाही, आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो आणि त्या लहान गावातल्या खोल्या लवकर भरतात.